शेतावरचं घर, वादळ आणि पूर: पहिल्यांदाच सामोरं जाणाऱ्यांसाठी

शेतावर राहायला आल्यानंतरचं पहिलं मोठं वादळ आलं तेव्हा माझी तयारी पुरी झाली आहे अशी माझी खात्री होती. पत्र्यांचे बोल्ट आवळले होते, खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, ट्रॅक्टर शेडमध्ये नेऊन लावला होता. वारा रात्रभर घोंगावला आणि पहाटे पडला. सुटलो एकदाचे, म्हणून आम्ही आडवे झालो. सकाळी नऊच्या सुमारास, पाऊस थांबलेला असताना, पाणी आलं. तेही ओढ्याच्या बाजूने नाही, घराच्या पाठीमागून. रस्त्याखालची मोरी पालापाचोळ्याने बुजली होती, पाणी रस्त्याला अडून तुंबलं आणि वाट मिळेल तिकडे वळलं. सगळ्यात खोलगट जागा निघाली ती शेडची. ट्रॅक्टर सीटपर्यंत बुडाला.

त्या दिवशी कळलं की मी वाऱ्याची तयारी केली होती, पाण्याची केलीच नव्हती. दुसरी गोष्ट हळूहळू कळली: अंधारात, गुडघाभर पाण्यात उभं राहून घेतलेला प्रत्येक निर्णय चुकीचा निघाला. जे ठरवायचं ते कोरड्यात आणि दिवसाउजेडी ठरवावं लागतं. पुढचे सगळे टप्पे त्याच हिशेबाने लिहिले आहेत.

१. आपल्या जमिनीवरून पाणी कसं वाहतं ते आधी पाहा

ही पायरी लोक सोडून देतात, कारण त्यात विकत आणण्यासारखं काही नसतं. एखाद्या साध्या पण जोरदार पावसात छत्री घेऊन हद्दीला पूर्ण फेरी मारा. पाणी कुठून शिरतं, कुठे थबकतं, कुठून बाहेर पडतं ते कागदावर रेखाटून ठेवा. तासाभराच्या त्या फेरीतून जे समजतं ते उन्हाळ्यात दहा फेऱ्या मारूनही समजत नाही.

पाण्याचं प्रमाण किती असतं याचा अंदाज नवख्या माणसाला नसतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी पन्हळीतून खाली येणार. तेवढाच पाऊस एक हेक्टर जमिनीवर पडला तर दहा लाख लिटर, वजनात हजार टन. त्यातलं काही जमीन पिते, पण आधीच भिजून गच्च झालेली जमीन फारसं पीत नाही. शिवाय तुमच्या वरच्या अंगाच्या सगळ्या शेतांचं पाणी तुमच्याकडेच येणार. म्हणून हंगामाच्या सुरुवातीच्या पावसापेक्षा सलग आठ दिवस भिजलेल्या जमिनीवर आलेला पाऊस जास्त घातक.

फेरीत या जागा नीट तपासा:

- रस्त्याखालच्या, बांधाखालच्या मोऱ्या आणि पाइप. आत हात घालू नका, तिथे साप आणि विंचू असतात. लांब बांबूने चाळवा.
- चर. गवत वाढलेला चर दिसायला चर असतो, पाणी मात्र त्यातून मुंगीच्या पावलाने जातं.
- शेततळ्याचा सांडवा. तळं भरलं की जादा पाणी सांडव्यातूनच गेलं पाहिजे. तो बुजला तर पाणी बांधावरून वाहू लागतं, आणि मातीचा बांध वरून वाहणाऱ्या पाण्याने काही वेळात कापला जातो. मग तळ्यातलं पाणी एकदम खाली सुटतं.
- वाळलेल्या फांद्या, एका बाजूला कललेली झाडं, घरावर किंवा विजेच्या तारांवर झुकलेली झाडं. तारांजवळच्या झाडाला स्वतः हात लावू नका, वीज कंपनीला कळवा.

शेजाऱ्याने त्याचं पाणी तुमच्या बाजूला वळवलं असेल तर तेही याच फेरीत दिसेल. भांडण करायचं तर तेव्हाच करा, पुराच्या दिवशी तुम्हाला त्याच माणसाची गरज लागणार आहे.

२. खूण रोवा आणि तिच्यासमोर काय करायचं ते लिहा

ओढ्याच्या किंवा नाल्याच्या कडेला, घरातून टॉर्चच्या उजेडात दिसेल अशा जागी एक मजबूत खांब रोवा. त्याच्यावर तीन रंगांत तीन पट्टे मारा. मग घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवायचं: पहिल्या पट्ट्याला पाणी लागलं की गाड्या आणि जनावरं उंचावर. दुसऱ्याला लागलं की मेन स्विच बंद, गॅस बंद, घेऊन पळायची पिशवी दारात. तिसऱ्याला लागलं की घर सोडायचं, वाद घालायचा नाही.

तिसरा पट्टा कुठे मारायचा हे घराच्या उंबऱ्यावरून ठरवू नका. बाहेर पडायच्या वाटेवरचा सगळ्यात सखल भाग कोणता ते पाहा आणि तो बुडायच्या बरंच आधी तुम्ही निघालेले असाल अशा उंचीवर पट्टा मारा. घर कोरडं आणि रस्ता पाण्याखाली, हा प्रकार शेतावर नेहमीचाच.

हा खांब अगदी खुळचट वाटतो, माझ्या घरीही हसले होते. पण पाणी चढत असताना माणूस स्वतःला समजावत राहतो: आता थांबेल, थोडं बघू. पट्टा ते ऐकत नाही.

३. सामान आणि कागद

दोन वेगळ्या पिशव्या ठेवा. पहिली घेऊन पळायची. तिच्यात, पाणी न शिरणाऱ्या जाड पिशवीत बंद करून:

- सगळ्यांची ओळखपत्रं, बँकेचं पासबुक
- जमिनीच्या आणि घराच्या मालकीचे कागद
- विमा पॉलिसी: घर, गाडी, पीक, जनावरं, जे असेल ते
- जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर आणि प्रत्येकाचा फोटो
- मोटर, ट्रॅक्टर, पंप यांची बिलं आणि सीरियल नंबर
- नियमित औषधं आणि त्यांची चिठ्ठी, चष्मा
- काही रोख रक्कम, कारण वीज गेली की एटीएम आणि ऑनलाइन पैसे दोन्ही बंद
- कागदावर लिहिलेले फोन नंबर. मोबाइल मेला तर स्वतःच्या भावाचाही नंबर आठवत नाही.

कागदांचे फोटो काढून ते दूर राहणाऱ्या एका नातेवाइकाकडे पाठवून ठेवा.

दुसरी पिशवी, खरं तर पेटी, घरात राहायचं ठरलं तर लागणारी. टॉर्च आणि जादा सेल (मेणबत्ती शक्यतो नको, वारा आणि गॅस दोन्ही असताना ती धोक्याची), पॉवर बँक, सेलवर चालणारा रेडिओ, प्रथमोपचाराचं सामान, शिट्टी, न शिजवता खाता येईल असं अन्न, आणि माणशी दिवसाला किमान चार लिटर याप्रमाणे निदान तीन दिवसांचं पिण्याचं पाणी.

अवजारं: फावडं, पहार, कोयता, कुऱ्हाड, घमेली, दोरखंड, पक्कड, बांधायची तार, ताडपत्री, रिकामी पोती, गमबूट, जाड हातमोजे. यातलं काहीही शेडमध्ये ठेवू नका. माझा सगळा दोरखंड आणि पहार बुडालेल्या शेडमध्येच होती.

४. इशारा आल्यावर: वारा

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा १२०चा वारा दुप्पट नाही, चौपट जोराने ढकलतो. म्हणून "गेल्या वेळी पत्रे टिकले होते" या बोलण्याला अर्थ नाही. साधारण ६२ किलोमीटरच्या पुढे वाऱ्याविरुद्ध चालणं कठीण होतं, ९०च्या आसपास झाडं उन्मळू लागतात.

छप्पर वाऱ्याने दबून पडतं असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ते उचललं जातं. वारा छपरावरून वेगाने जाताना वर खेचतो, आणि त्याच वेळी वाऱ्याकडचं दार किंवा खिडकी फुटली तर आत शिरलेली हवा खालून ढकलते. तेव्हा पत्र्यांवर दगड आणि टायर ठेवण्यापेक्षा दारं मजबूत करणं जास्त कामाचं. वरचे दगड तर वादळात स्वतःच उडून येतात. पत्र्याचे हुक आणि बोल्ट तपासा, विशेषतः कडेच्या आणि कोपऱ्यातल्या रांगा, कारण उचलायची सुरुवात तिथूनच होते. गंजलेले बदला. गोठ्याचं किंवा शेडचं मोठं दार आतून आडवा वासा लावून बंद करा.

"हवा खेळती राहावी म्हणून एक खिडकी उघडी ठेवा" असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. सगळ्या बंद.

मग अंगणातलं सगळं गोळा करा: बादल्या, शिड्या, पाइपांची भेंडोळी, खुर्च्या, पत्र्याचे तुकडे. सुटा पत्रा वाऱ्यात कोयत्यासारखा फिरतो. पाण्याची प्लॅस्टिकची टाकी काठोकाठ भरा, रिकामी टाकी उडते. भरलेल्या टाकीचा पुढे वापरायलाही उपयोग होतो. शेडनेट किंवा पॉलिहाउस असेल तर कापड आधीच काढून घेणं बरं. कापड फाटलं तर पुन्हा आणता येतं, सांगाडा वाकला की सगळंच गेलं.

५. जनावरं

यात चूक झाली की ती निस्तरता येत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दाव्याला बांधलेलं जनावर तसंच सोडून जाणं. मोकळं जनावर पोहतं, उंचवटा शोधतं. बांधलेलं जनावर गोठ्यात दोन-तीन फूट पाणी आलं तरी धडपडून, दाव्यात अडकून मरतं. शक्य असेल तर पहिल्या पट्ट्यालाच त्यांना उंच, मोकळ्या जागी न्या. एकटं मोठं झाड, तारेचं कुंपण, विजेचा खांब यांपासून लांब. वीज झाडावर पडली तर मुळांभोवतीच्या जमिनीतून पसरते, आणि पुढच्या-मागच्या पायांत जास्त अंतर असल्याने गुरांना तिचा धक्का माणसापेक्षा जास्त बसतो. कुंपणाची तार तर दूरवर पडलेल्या विजेचा झटकाही आणून पोचवते.

हलवायला वेळच उरला नाही तर दावी कापा, आतली फाटकं उघडा आणि त्यांना जाऊ द्या. फक्त मोठ्या रस्त्याकडे जाणारं फाटक बंद असू द्या. गळ्यातले सैल दोर, घुंगरांच्या माळा काढून टाका, त्या फांदीत अडकतात. अंगावर न पुसणाऱ्या रंगाने फोन नंबर लिहायला लाजू नका. पूर ओसरल्यावर चार शेतांची गुरं एकाच माळावर सापडतात.

मोठ्या जनावराला दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी लागतं, दुभत्याला त्याहून बरंच जास्त. सभोवती पाणीच पाणी असतं आणि जनावरं तहानलेली असतात, कारण पुराचं पाणी त्यांनाही पाजायचं नसतं. उंचावर ड्रम भरून ठेवा, दोन-तीन दिवसांची वैरण ताडपत्रीखाली ठेवा. लसीकरण मात्र पावसाळ्याच्या आधीच झालेलं हवं. घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस पूर आल्यावर टोचून लगेच उपयोग होत नाही, शरीरात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात.

कोंबड्यांचं खुराडं उंचावता येत असेल तर उंचवा. नसेल तर कोंबड्या पोत्यात नाही, टोपल्यांत भरून घराच्या माळ्यावर. घाण होते, होऊ द्या.

६. वीज, गॅस, टाक्या

विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर आणि पॅनेल बोर्ड सहसा कमरेच्या उंचीवर असतो. तो काढून वर नेता येत असेल तर वायरमनकडून आधीच काढून घ्या. पाणी घरात यायच्या आधी मेन स्विच बंद करायचा. आधी, हा शब्द महत्त्वाचा. पाण्यात उभं राहून किंवा ओल्या हाताने स्विच बोर्डाला हात लावायचा नाही, मग आत काहीही चालू असो. सोलर पॅनेल असतील तर लक्षात ठेवा की मेन बंद केला तरी उजेड पडला की पॅनेलमध्ये वीज तयार होतच राहते. तुटलेल्या पॅनेललाही आणि त्याच्या वायरींनाही हात नको.

गॅसचा सिलिंडर पाण्यात तरंगतो आणि नळी तोडून वाहून जातो. रेग्युलेटर काढा, झाकण लावा, सिलिंडर उभा आणि भिंतीला बांधून ठेवा. डिझेलचे ड्रमही तरंगतात, भरलेलेसुद्धा, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलकं. त्यांना बांधा. खतं, कीटकनाशकं, तणनाशकं घरातल्या सगळ्यात उंच फळीवर. ही एक गोष्ट राहिली तर पुराचं पाणी नुसतं घाण न राहता विषारी होतं, आणि ते तुमच्याच विहिरीत जातं.

७. वादळ चालू असताना

काही करायचं नाही. घराच्या आतल्या बाजूची, कमी खिडक्यांची खोली निवडा आणि तिथे राहा. पत्रा वाजतोय म्हणून वर चढणारी माणसं प्रत्येक वादळात जखमी होतात.

चक्रीवादळाचा मध्य तुमच्यावरून गेला तर वारा एकाएकी थांबतो, कधी कधी आभाळही उघडतं. हा डोळा. थोड्या वेळाने, कधी अर्ध्या तासाने, कधी त्याहून उशिरा, उलट्या दिशेने तेवढाच जोरदार वारा सुरू होतो, आणि एका बाजूने खिळखिळं झालेलं सगळं दुसऱ्या बाजूने कोसळतं. या मधल्या वेळात छप्पर दुरुस्त करायला बाहेर पडू नका. वादळ कुठे आहे याचा ढोबळ अंदाज हवा असेल तर एक जुनी युक्ती आहे, १८५७ मध्ये बॉइज बॅलो या डच हवामानतज्ज्ञाने मांडलेली: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला. दक्षिण गोलार्धात उजव्या. खिडकीतून झाडं कुठे झुकली आहेत ते पाहूनही हे जमतं, त्यासाठी अंगणात जायची गरज नाही.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर ती तुमच्यापर्यंत पोचू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा.

जनरेटर असेल तर तो घरात नको, व्हरांड्यात नको, खिडकीखालीही नको. घरापासून किमान सहा मीटर लांब, धूर घराच्या विरुद्ध दिशेला जाईल असा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. ज्यांचं छप्पर वादळात शाबूत राहिलं त्यांचे जीव नंतर जनरेटरने घेतल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

८. पाणी चढू लागलं तर

वाहतं पाणी घोट्याच्या वर, १५ सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. ३० सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी तरंगू लागते, ६०मध्ये जीपसारख्या गाड्याही वाहून जातात. "ट्रॅक्टर जड आहे, जाईल की" हे वाक्य फार जणांचं शेवटचं ठरलं आहे. ट्रॅक्टर तरंगला नाही तरी खालचा रस्ता वाहून गेलेला असतो आणि गढूळ पाण्यातून तो खड्डा दिसत नाही. पुलावरून पाणी जात असेल तर पलीकडे कोणीही असो, थांबायचं.

निघायला उशीर झाला असेल तर माळ्यावर किंवा छपरावर जा. ज्या माळ्याला बाहेर पडायला वाट नाही तिथे जाताना कुऱ्हाड बरोबर हवी, कौलं किंवा पत्रा फोडायला. आपण कुठे आहोत ते फोनवरून एकालाच सांगा, मग फोन बंद ठेवून अधूनमधून चालू करा. बोलण्यापेक्षा मेसेज लवकर पोचतो आणि बॅटरी कमी खातो.

तुटलेली तार पाण्यात किंवा जमिनीवर पडलेली दिसली तर दहा मीटरच्या आत जाऊ नका. नकळत जवळ गेलाच असाल तर पाय न उचलता, दोन्ही पाय जवळजवळ ठेवून घसटत मागे या. मोठी ढांग टाकली तर दोन पायांमधून वीज वाहू शकते.

९. पाणी ओसरल्यावर

घाई इथे होते. पाणी गेलं, ऊन पडलं, माणूस थेट घरात घुसतो.

आधी बाहेरून फेरी मारा. भिंतीला नव्या भेगा, पायाखालची वाहून गेलेली माती, फुगलेली भिंत, वाकलेलं छप्पर यातलं काही दिसलं तर आत जाऊ नका. दार उघडल्यावर गॅसचा वास आला तर मागे फिरा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो. आत गेल्यावर प्रत्येक वस्तू काठीने हलवून मगच हाताने उचला. साप पुरात कोरडी जागा शोधतात, आणि तुमच्या कपाटातला खालचा कप्पा त्यांना आवडतो. साप दिसला तर मारायला जाऊ नका. त्या खटाटोपात दंश होतात. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही न करता हात-पाय स्थिर ठेवून थेट दवाखाना.

काहीही उचलायच्या आधी फोटो. पाण्याची पातळी दाखवणारी भिंत, प्रत्येक खोली, प्रत्येक यंत्र, मेलेलं जनावर बिल्ल्यासकट. विमा कंपनीला आणि सरकारी पंचनामा करणाऱ्यांना लगेच लेखी कळवा. उशीर झाला म्हणून दावे फेटाळले जातात. पॉलिसीत वादळाचं नुकसान आणि पुराचं नुकसान वेगळं लिहिलेलं असू शकतं, तेव्हा पत्रे वाऱ्याने गेले की भिंत पाण्याने, हे अर्जात स्पष्ट लिहा. मी सगळं "वादळामुळे" असं एका ओळीत लिहिलं होतं. त्या ओळीने मला पुढचे चार महिने हेलपाटे घालायला लावले.

उन्मळून पडलेल्या झाडाचा बुंधा कापताना सावध राहा. वजन कमी झालं की मुळांचा गड्डा उसळून पुन्हा खड्ड्यात बसतो, त्यामुळे त्या खड्ड्यात पोरंटोरं खेळता कामा नयेत. वाकून दबलेली फांदी तर धनुष्यासारखी सुटते. झाड कापायचं यंत्र (कटर) तुम्ही पहिल्यांदाच हाताळत असाल तर जाणत्या माणसाला बोलवा.

१०. पिण्याचं पाणी

पुराचं पाणी शिरलेली विहीर किंवा बोअरवेल दूषित आहे असंच धरायचं, पाणी कितीही नितळ दिसो. ती शुद्ध होईपर्यंत पाणी गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. उकळून जंतू मरतात, कीटकनाशक किंवा डिझेल जात नाही. तसा वास किंवा तवंग असेल तर ते पाणी प्यायचंच नाही.

विहिरीचं शुद्धीकरण असं करतात. आधी गढूळ पाणी उपसा, पण एका दमात नाही. कच्च्या बांधणीच्या विहिरीत भोवतालची माती पाण्याने फुगलेली असते, आतलं पाणी झपाट्याने गेलं की कडा आत ढासळतात. मग उरलेल्या पाण्याचा हिशेब करा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (तिन्ही मीटरमध्ये) गुणिले ०.७८५, आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यासाची, पाच मीटर पाणी असलेली विहीर म्हणजे सुमारे ३५,००० लिटर. चांगल्या प्रतीची, ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर नेहमीच्या वेळी हजार लिटरला २.५ ग्रॅम पुरते, म्हणजे इथे ९० ग्रॅमच्या आसपास. पुरानंतर पाण्यात घाण जास्त असल्याने ती कमी पडते. किती कमी, ते तासाभराने क्लोरीन तपासूनच कळतं. एक तासानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. आरोग्य कर्मचाऱ्यांकडे तपासणीचं साधन असतं, त्यांना बोलवा. पावडर कोरडी टाकू नका. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि ती बादली दोराने विहिरीत खोलवर सोडून वरखाली हलवा. आणि उघडं डबडं वर्षभर पडून असेल तर त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं, नवी पावडर आणा.

चिखलात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नको. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पाण्यात वावरल्यानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांनी, क्वचित महिनाभरानेही, ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरला "पुराच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या.

११. यंत्रं, भिंती, गंजी, शेत

बुडालेला ट्रॅक्टर किंवा पंप सुरू करून पाहू नका. मी पाहिला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि त्या एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल, फिल्टर सगळं बदलल्याशिवाय चावी फिरवायची नाही. ऑइल दुधी दिसलं की आत पाणी गेलंय हे नक्की. बुडालेली मोटर धुऊन, पूर्ण वाळवून, इलेक्ट्रिशियनकडून इन्सुलेशन मोजून मगच जोडायची.

घरातला चिखल ओला असतानाच काढा, वाळला की दगड होतो. बुरशी एक-दोन दिवसांत धरते, म्हणून दारं-खिडक्या उघडी, गाद्या बाहेर. सेप्टिक टाकी मात्र लगेच उपसू नका. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामी केलेली टाकी वर उचलली जाते आणि पाइप तुटतात.

भिजलेल्या वैरणीच्या गंजीबद्दल कोणी सांगत नाही. ओली गंजी आतून तापते आणि काही आठवड्यांनी आपोआप पेटू शकते. लोखंडी पहार गंजीच्या पोटात खुपसून तासाभराने काढा. हातात धरवली नाही तर गंजी धोक्याच्या पातळीला आहे. तिच्यावर चढू नका, आतला भाग पोकळ जळालेला असू शकतो. आणि ती फोडायच्या आधी अग्निशामक दलाला बोलवा, कारण आत हवा शिरताच भडका उडतो. बुरशी आलेली वैरण जनावरांना घालायची नाही, कितीही जीव तुटला तरी.

शेतातलं साचलेलं पाणी चर काढून लवकर बाहेर घालवा, मुळांना हवा न मिळाल्याने बरीच पिकं एक-दोन दिवसांतच पिवळी पडतात. पण ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नका, दाबलेली जमीन पुढचा हंगामभर कुरकुरते. पुराचं पाणी लागलेला, कच्चा खायचा भाजीपाला टाकून द्यावा लागतो.

१२. पातळीची नोंद

भिंतीवरची चिखलाची रेघ धुऊन टाकायच्या आधी तिच्यावर ऑइल पेंटने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. शेडच्या, विहिरीच्या, गोठ्याच्या भिंतीवरही. पट्ट्यांचा खांब वाहून गेला असेल तर नवा रोवताना त्या रेघांवरून पट्टे वर-खाली करा. पहिल्या वेळी मी ही रेघ चुन्याने मारली होती. पुढच्याच पावसात ती धुऊन गेली.